मिकोची उत्तरं

डॉक इन्स्लीचे प्रश्न तीनच होते. आज वार कोणता, समोर संघ कुठला आणि गुण किती-किती. ऑर्मस्बी कॉलेजच्या मैदानावर कुणाचं डोकं आपटलं की डॉक आपली काळी पिशवी सावरत धावत यायचा, पोराच्या नाकाखाली अमोनियाची कुपी धरायचा आणि हे तीन प्रश्न विचारायचा. तिन्ही उत्तरं बरोबर आली की पाठीवर थाप, "जा, खेळ!" लोक डॉक म्हणत एवढंच, डॉक्टर तो नव्हताच. पहिल्या महायुद्धात जखमींना पट्ट्या बांधायला शिकला होता, त्या शिदोरीवर वीस वर्षं पोरांचे घोटे बांधत होता. माणूस देवमाणूस. पण वीस वर्षं एकच पेपर काढणाऱ्या मास्तराचा पेपर कधीतरी फुटतोच.

लुडी हुदाकनं तो फोडला १९५३ सालच्या ऑक्टोबरात, मोसमातल्या दुसऱ्याच सामन्यात, केनर्ली कॉलेजविरुद्ध.

लुडी कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा सेंटर होता. लंबगोल चेंडूवर ओणवं व्हायचं, तो पायांमधून मागे द्यायचा आणि देताक्षणी समोरच्या रेड्याला छातीवर घ्यायचं, हे त्याचं काम. त्याच्या मागे चार पावलांवर मिको द्रोबनी उभा असायचा. चेंडू पोटाशी कवटाळून, डोकं खाली घालून माणसांच्या भिंतीत घुसायचं, हे मिकोचं. दोघं पेनसिल्व्हेनियातल्या एकाच खाणवस्तीतले, एकाच गल्लीतले. दोघांच्या घरात स्लोव्हाक बोलायचे आणि दोघांच्या बापांनी एकाच कोळशाच्या भिंतीपुढे गुडघ्यावर बसून आयुष्य काढलं होतं. कॉलेजनं दोघांना एकाच दिवशी निवडलं, एकच खोली दिली. खाणीत न उतरता वरच राहिलेली वस्तीतली ही पहिली दोन पोरं.

त्या दिवशी सामन्याच्या तिसऱ्या भागात मिको केनर्लीच्या दोन गड्यांवर डोक्यानं आदळला. आवाज लुडीला पाठीमागून ऐकू आला, कोरडा, लाकूड फुटल्यासारखा. मिको उठला, हसला, अंगावरची माती झटकली आणि चालत जाऊन केनर्लीच्याच घोळक्यात उभा राहिला. त्यांचे गडी डोक्याला डोकं लावून पुढची चाल ठरवत होते, आणि हा त्यांच्यात मान खुपसून ऐकायला लागला. प्रेक्षकांत हशा पिकला. केनर्लीची पोरंही हसली. लुडीनं जाऊन त्याचा कमरपट्टा धरला आणि ओढतच त्याला परत आणलं.

"कुठं निघालास गाढवा? सोयरीक जुळवलीस की काय तिकडं?"

"पाणी आणायला," मिको म्हणाला. त्याचे डोळे लुडीकडे होते, पण नजर लुडीवर नव्हती.

डॉक पिशवी घेऊन निघाला होता. त्या वर्षी नियम बदलला होता. एकदा बाहेर काढलेला गडी त्या भागात पुन्हा आत घेता येत नसे. त्यामुळे कुणालाही बाहेर काढायचं म्हणजे कोच गॅलब्रेथच्या काळजाचा तुकडा काढल्यासारखं होई. पण लुडीला त्या क्षणी नियम आठवला नाही की कोच आठवला नाही. त्याला आठवला पिवळा शर्ट.

गॅलब्रेथची ही खास करामत होती. पहिल्या अकरांना लाल शर्ट, उरलेल्यांना पांढरे, आणि जो दुखणं घेऊन बसेल त्याला पिवळा. सराव चालू असेपर्यंत पिवळ्यांनी मैदानाला फेऱ्या मारायच्या आणि कुणी त्यांच्याशी चकार शब्द बोलायचा नाही. खाणवस्तीतली पोरं त्यांना कॅनरी म्हणायची. खाणीत विषारी वायू ओळखायला पिंजऱ्यातून नेतात तो पिवळा पक्षी, सगळ्यांच्या आधी मरणारा. ऑगस्टमध्ये तीन कॅनरी होते. सप्टेंबर संपेस्तोवर तिघांच्या खोल्या रिकाम्या झाल्या होत्या, कारण शिष्यवृत्ती कागदावर वर्षाची असली तरी खरी कोचच्या मर्जीची होती. त्यातला एक आता मिकोच्या बापाच्याच पाळीला खाणीत उतरत होता.

लुडीनं मिकोच्या कानाला तोंड लावलं आणि घरच्या भाषेत म्हणाला, "शनिवार. केनर्ली. सात-सहा. म्हण."

"शनिवार. केनर्ली. सात-सहा."

"पुन्हा."

डॉकनं कुपी धरली, तीन प्रश्न विचारले, तीन उत्तरं घेतली. "शाब्बास!" म्हणाला आणि गेला. मग उरलेला सामना लुडीनं मिकोला चालवत नेला. घोळका मोडला की त्याचा पट्टा धरायचा, तोंड योग्य बाजूला वळवायचं, "डावीकडं, माझ्या खांद्यामागून" असं सांगायचं आणि मगच आपण चेंडूवर वाकायचं. मिको बैलासारखा सांगितलेल्या दिशेला घुसत राहिला. शेवटच्या मिनिटात त्यानंच विजयाचे गुण केले. ते केल्याचं त्याला संध्याकाळी लुडीनं सांगितलं तेव्हा कळलं.

"मी?" मिको म्हणाला. "खरंच? छान केले का?"

दोघं पोट धरून हसले. हसू येण्यासारखंच होतं ते, तेव्हा.

दुसऱ्या दिवसापासून मिकोचं डोकं दुखायला लागलं. उजेड सोसेना म्हणून रविवारी दुपारी खिडकीवर घोंगडं टांगलं. लुडीनं भोजनगृहातून दोन बटाटे मागून आणले, कापून चकत्या रुमालात बांधल्या आणि मिकोच्या कपाळावर आवळल्या. वस्तीत डोकेदुखीवर हेच करत. चकत्या काळ्या पडल्या, दुखणं होतं तिथंच राहिलं.

"लुडी, मी डॉकला सांगतो."

"काय सांगणार?"

"डोक्यात कुणीतरी भोकं पाडतंय म्हणून. जिन्याच्या पायऱ्या दोन-दोन दिसतात."

"मग दोन्हींवर पाय ठेव."

"थट्टा नको ना रे."

"मीही थट्टा करत नाही. जा, सांग. पिवळा शर्ट तुझ्या मापाचा आहे का तेही विचारून ये. नाताळाला घरी जा आणि कायमचाच जा. यानोकाका तुला आपल्या हातानं दिवा लावून देईल टोपीवर."

बापाचं नाव निघालं की मिको गप्प व्हायचा. यानो द्रोबनीला चार पायऱ्या चढल्या की कठड्याला धरून उभं राहावं लागे. छातीत कोळसा बसला होता.

"सातच शनिवार राहिलेत," लुडी म्हणाला. "सात शनिवार मी आहे तुझ्याबरोबर. मग आख्खा हिवाळा लोळ."

सातच! औषधाचे सात घोट असावेत तसं म्हणाला तो.

पण लुडीला नुसता दोष देऊन भागत नाही. त्यानं दुसरं काही पाहिलंच नव्हतं. खाणीत प्रत्येकाचा आकड्याचा पितळी बिल्ला असे. कोळशानं भरलेल्या गाडीच्या डब्याला तो अडकवायचा, म्हणजे डबा कुणी भरला ते वर कळे. कुणी आजारी असला, बरगडी मोडलेला असला, तर जोडीदार आपले डबे भरून झाल्यावर त्याचेही भरायचा आणि त्याचा बिल्ला लावायचा. दुखणाईत बिचारा भिंतीला टेकून बसून असायचा. वर कुणाला पत्ता लागत नसे, आणि माणसाची जागा राहायची. यानो द्रोबनीच्या बरगड्या मोडल्या तेव्हा लुडीच्या बापानं तीन आठवडे असे डबे भरले होते. त्या गल्लीत माणुसकी म्हणतात ती हीच. जोडीदाराचं दुखणं वर जाऊन सांगणारा तो चहाडखोर, आणि चहाडखोराच्या मयतीलाही कुणी जात नसे. फक्त खाणीत भिंतीला टेकून बसलेल्याला कुणी पुन्हा पुन्हा डोक्यात मारत नसतं, हा फरक लुडीच्या ध्यानात आला नाही.

पुढे दहाएक दिवस मिको अधूनमधून डॉकचं नाव काढत राहिला. मग एकदम त्यानं तो विषयच सोडला. लुडीला वाटलं, आपलं म्हणणं पटलं.

संघ जिंकत होता. चार, पाच, सहा. गावातला बेकरीवाला लाल शर्टवाल्यांना फुकट केक खाऊ घालायला लागला. गॅलब्रेथ रेडिओवर बोलून आला. त्या वर्षी जुनी चामड्याची शिरस्त्राणं जाऊन टणक प्लास्टिकची आली होती, आणि त्यावर कोचनं नवीनच शास्त्र बसवलं होतं. "हे तुमच्या डोक्याचं रक्षण करायला दिलेलं नाही," तो सरावाला ओरडायचा, "हे हत्यार आहे! डोकं घाला! द्रोबनीकडं बघा, द्रोबनी कसा घालतो!" मग तो मिकोला पुढे बोलावून सगळ्यांना दाखवायचा. सोमवारी दहा वेळा, मंगळवारी वीस वेळा. मिको घालायचा. शहाण्या माणसानं हे पाहिलं असतं तर त्या कोचच्याच कानाखाली जाळ काढला असता. पण जिंकणाऱ्याच्या गावात शहाणा माणूस मिळणं कठीण.

खोलीत मात्र दुसराच मिको राहत होता. मोजा सापडला नाही म्हणून तो पलंगावर बसून रडला. एकच पान तासभर धरून बसायचा. भोजनगृहात वाढणाऱ्या बाईनं "बटाटे की मका?" विचारलं की तो लुडीकडे बघायचा, आणि लुडी म्हणायचा, "मका." वर्गात प्राध्यापकानं काही विचारलं तर मागच्या बाकावरून लुडी कुजबुजायचा. इतिहासाचा निबंध लुडीनं लिहिला, खाली मिकोचं नाव घातलं. हळूहळू मिकोची सगळीच उत्तरं लुडी द्यायला लागला आणि खरं सांगायचं तर त्याला त्याचा थोडा अभिमानही वाटायला लागला. आपण एकट्यानं दोन माणसं चालवतोय, बापानं दोघांचे डबे भरले तसेच.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी पाऊस होता. चिखलात मिको पुन्हा कोसळला. या वेळी डॉक लुडीच्या आधी पोचला. लुडी डॉकच्या पाठीमागे उभा राहिला आणि ओठांनी वार सांगितला, छातीवर हात नेऊन समोरच्यांच्या शर्टावरचं अक्षर दाखवलं, बोटांनी गुण मोजून दाखवले. मिकोनं उत्तरं दिली, पण डॉककडे बघून नाही. डॉक सावकाश उठला. मागे वळून बघितलं तेव्हा लुडी हातांचा चिखल पुसत होता.

सोमवारी डॉक लुडीचा घोटा बांधायला बसला. पट्टीचे फेरे देत राहिला.

"हुदाक, तू त्याच्या खोलीत राहतोस."

"हो."

"मी डॉक्टर नाही, तुला ठाऊक आहे. मला विचारून जेवढं कळतं तेवढंच कळतं. झोपेत ओकतो का तो? चालताना भिंतीला धरतो का? काही असेल तर आत्ता सांग. माझ्या नावावर घेतो मी. कोचला तुझं नाव कळणार नाही."

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. नळ गळत होता. आदल्या दिवशीच मिको ओकला होता, दोनदा, आणि लुडीनं ते जुन्या वर्तमानपत्रानं पुसून काढलं होतं. नुसतं "हो" म्हणायचं होतं. एक अक्षर.

"ठीक आहे तो," लुडी म्हणाला. "आळशी आहे जरा."

डॉकनं पट्टी दातानं फाडली आणि टोक चिकटवलं. "बरं," म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर हायसं वाटलेलं दिसलं, आणि लुडीलाही हायसं वाटलं. दोघांनाही तेच ऐकायचं होतं.

एकवीस नोव्हेंबरला शेवटचा सामना, सेंट ब्रेंडन्सविरुद्ध. आठ सामने, आठ विजय. मैदान गच्च भरलं होतं, बँड होता, थंडीनं गवत कडक झालं होतं. सकाळी मिकोनं बूट उलट्या पायात घातले. लुडीनं काढून सुलट घातले, नाड्या बांधल्या.

"शेवटचा," लुडी म्हणाला. "आज संपलं की संपलं."

"संपलं की आपण घरी जायचं?"

"जायचं."

दुसऱ्या भागात एक साधी धडक झाली. याहून दसपट जोरदार धडका त्या मोसमात मिकोनं पचवल्या होत्या. या वेळी तो उठला, दोन पावलं चालला आणि गवतावर मांडी घालून बसला, अंगणात बसावं तसा. डॉक धावत आला, गुडघ्यावर बसला, पिशवी उघडली. त्यानं तोंड उघडायच्या आधीच मिको बोलायला लागला.

"शनिवार," मिको म्हणाला. "केनर्ली. सात-सहा."

डॉकचा हात पिशवीतच राहिला.

"शनिवार. केनर्ली. सात-सहा," मिको पुन्हा म्हणाला. शाबासकीची वाट बघत असल्यासारखा त्यानं डॉककडे पाहिलं. मग त्याच्या एका डोळ्याची बाहुली मोठी होत गेली, दुसरी होती तेवढीच राहिली, आणि तो हळूच कुशीवर कलंडला.

डॉकनं मान वर केली आणि लुडीकडे पाहिलं. शिवी दिली नाही, ओरडला नाही. म्हातारा नुसता पाहत राहिला. त्याला सगळं कळलं, पहिल्या दिवसापासूनचं, आणि त्याला कळलेलं लुडीला कळलं. स्ट्रेचर आलं. गॅलब्रेथ कडेवरून ओरडला, "हुदाक! जागेवर!"

आणि लुडी जागेवर गेला. चेंडूवर वाकला, पायांमधून मागे दिला, समोरच्याला छातीवर घेतलं. का गेला, हे त्याला पुढे कधीच सांगता आलं नाही. ऑर्मस्बी कॉलेज तेरा-सात असं जिंकलं. पोरांनी कोचला खांद्यावर घेतलं.

रविवारी पहाटे मिको गेला. डॉक्टरांनी कवटी उघडली होती, रक्त काढलं होतं. नवं रक्त आणि जुनं रक्त, असं ते म्हणाले. जुनं किती जुनं, ते त्यांनी डॉक इन्स्लीला विचारलं आणि डॉकला सांगता आलं नाही.

सकाळी नऊ वाजता शेजाऱ्याच्या मोटारीतून मिकोचे आईबाप इस्पितळात आले. आई झुझाना काळा रुमाल बांधून आली होती, पण तो प्रवासाचा, सुतकाचा नव्हे. हातात अक्रोडाचा रोल होता, फडक्यात गुंडाळलेला, शुद्धीवर आल्यावर पोराला द्यायला. नर्सनं जे सांगितलं ते तिला कळलं नाही. तिला इंग्रजी येत नव्हतं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. यानोनं घरच्या भाषेत एका वाक्यात सांगितलं. रोल तिच्या हातातून पडला नाही. तो तिनं नीट बाकावर ठेवला आणि त्याच्या शेजारी बसली.

लुडी भिंतीला टेकून उभा होता. रात्रभर तिथंच होता. यानो कागदांवर सही करायला व्हरांड्याच्या टोकाला गेला तसा लुडी मागोमाग गेला.

"यानोकाका, मला बोलायचंय."

यानो खोकला. खोकला संपेपर्यंत दोघं थांबले.

"त्याला ऑक्टोबरपासून दुखत होतं," लुडी म्हणाला. "मी कुणाला सांगू दिलं नाही. उत्तरं मीच द्यायचो. डॉकनं मला विचारलं होतं, काका. तोंडावर विचारलं होतं. मी नाही म्हणालो. मी मारलं त्याला."

यानोचा हात उठला. लुडी थोबाडीत खायला तयार होता, नव्हे, त्याला ती हवीच होती. पण हात त्याच्या खांद्यावर पडला आणि तिथंच लोंबकळत राहिला.

"मला ठाऊक होतं," यानो म्हणाला.

"काय?"

"लिहायचा तो. दर आठवड्याला. डोकं दुखतंय, दोन-दोन दिसतंय, लुडी सांभाळतोय." यानो खिडकीबाहेर बघत होता. "मीच लिहिलं, दम धर. लुडी म्हणतो तसं कर. मी म्हटलं, तुझ्या बापानं माझे डबे भरले, तसं हेही निभेल. पोरगं वरच राहील." त्यानं तोंड पुसलं. "तिला ठाऊक नाही. पत्रं मीच वाचून दाखवतो, तेवढं गाळून. लुडी, तुझ्या पाया पडतो, तिला सांगू नकोस. एका फटक्यानं गेला म्हणू. तेवढं तरी."

लुडीनं मान हलवली. लपवणं त्याला सवयीचं होतं.

दोघं परत आले. झुझानानं लुडीचा हात धरून त्याला शेजारी बसवलं. तिचा हात कोमट होता आणि पिठाचा वास येत होता.

"तू होतास ना त्याच्याजवळ?" ती म्हणाली. "बरं झालं तू होतास. परका कुणी नव्हता."

"होतो, काकू."

"दुखत होतं का रे त्याला? आधी कधी म्हणाला होता का काही?"

यानो समोर उभा होता. त्यानं मान अगदी थोडी हलवली, नको म्हणून. लुडीनं तोंड उघडलं. सगळा मोसम या तोंडातून दुसऱ्याच्या नावची उत्तरं निघाली होती, गुळगुळीत, वेळेवर. याही वेळी उत्तर तयार होतं. पण त्याच्या जागी रडू आलं.

"रोज म्हणायचा," लुडी म्हणाला. "रोज, काकू. मी त्याला गप्प बसवलं."

तिनं आपला हात सोडवून घेतला, सावकाश. मग तिनं लुडीकडे नाही, नवऱ्याकडे पाहिलं. यानोची नजर जमिनीवर होती. चोवीस वर्षांच्या संसारात तिनं ती मान खाली गेलेली ओळखली नसती तरच नवल.

"तुला लिहिलं होतं त्यानं," ती म्हणाली.

तिनं काखेतली काळी पिशवी उघडली. आत मिकोची पत्रं होती, दोऱ्यानं बांधलेली. वाचता येत नसली तरी ती घरात ठेवून यायचा जीव झाला नव्हता. दोरा सोडून तिनं गठ्ठा लुडीच्या मांडीवर ठेवला.

"वाच," ती म्हणाली. "यानं गाळलेलं वाच. एक शब्द सोडलास तर बघ."

लुडीनं पहिलं पत्र उघडलं. अक्षर मिकोचंच, पण ओळी उतरत उतरत कागदाच्या कोपऱ्यात गेल्या होत्या. खाणवस्तीच्या शाळेत दोघांना फक्त इंग्रजी लिहायला शिकवलं होतं. लुडी वाक्य वाचायचा, मनात फिरवायचा आणि घरच्या भाषेत बोलायचा.

"बाबा, माझं डोकं फार दुखतं. मला रस्ता नीट दिसत नाही. लुडी चांगला आहे, तो माझ्याऐवजी सगळं सांगतो, त्याला रागावू नका. पण मला भीती वाटते." लुडी थांबला.

"वाच."

"मला घरी यायचंय. तुम्ही नको म्हणाल, ते मला ठाऊक आहे. म्हणून आईला विचारा. आई ये म्हणाली तर मी येतो."

झुझानानं डोळे मिटले नाहीत. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती.

"आणि तू काय लिहिलंस?" तिनं विचारलं.

यानोला खोकला आला. या वेळी कुणी थांबलं नाही.

"काय लिहिलंस यानो?"

"लिहिलं," यानो म्हणाला, "आई म्हणते राहा."

दूर कुठेतरी नर्सच्या बुटांचा आवाज आला आणि गेला. झुझानानं बाकावरचा रोल उचलून मांडीवर घेतला, फडक्याची गाठ दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"मी ये म्हणाले असते," ती म्हणाली. मग लुडीकडे न बघता तिनं मान हलवली. "पुढचं वाच."